शाळेत फोन: जमा करायचा, बॅगेत ठेवायचा की घरीच?

पाचव्या मजल्यावरून
मंडळी, सल्ला हवाय. मुलगी आठवीत आहे, पुण्यात, स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम. आत्तापर्यंत शाळेचा नियम असा होता की फोन आणलात तर बंद करून बॅगेत ठेवा, दिसला तर जप्त आणि पालकांनी येऊन न्यायचा. दिवाळीनंतर नववीतल्या काही मुलांनी पीटीच्या तासाआधी कपडे बदलणाऱ्या एका मुलाचा व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर फिरला, त्या मुलाचे आईवडील पोलिसात जायला निघाले होते, कसंबसं निस्तरलं. आता शाळेची नोटीस आलीये की पाचवी ते दहावी फोन गेटच्या आतच आणायचा नाही, स्मार्टवॉचही नाही, आणि सापडला तर वार्षिक परीक्षा संपेपर्यंत परत मिळणार नाही. शनिवारी पालक-शिक्षक संघाची मीटिंग आहे, मी वर्गाची प्रतिनिधी आहे, त्यामुळे मला काहीतरी बोलावं लागणार.

अडचण अशी की मुलगी शाळा सुटली की परस्पर पीएमटीने क्लासला जाते. क्लास कधी रद्द होतो, कधी तासभर लांबतो. मी हिंजवडीला, नवरा फिरतीवर. फोन नसेल तर सकाळी घराबाहेर पडल्यापासून अंधार पडेपर्यंत ती कुठे आहे याचा पत्ता नाही. आणि दुसरीकडे त्या मुलाचं जे झालं ते बघून बंदी आणू नका असं म्हणायला तोंड उचलत नाही. ज्यांच्या शाळांमध्ये असं काही केलंय त्यांनी अनुभव लिहा. 'आमच्या वेळी कुठे होते फोन' सोडून काहीही चालेल.

भर दुपारी
आमच्या वेळी कुठे होते फोन?

(सॉरी, हात शिवशिवत होते)

काटकोन
सरळ हिशोब आहे, घरीच ठेवा. आठवीच्या मुलीला फोन लागतोच कशाला. क्लास लांबला तर क्लासवाले कळवतील, फी घेतात ना हजारोंनी.

पाचव्या मजल्यावरून
काटकोन, क्लासवाले कळवतात हो. व्हॉट्सॲपवर. मुलांच्या ग्रुपवर.

खडूफळा
मी शिक्षक, सातारा जिल्ह्यात, अनुदानित हायस्कूल. आमच्याकडे गेल्या वर्षीपासून फोन जमा करतात, तर ते रोज कसं चालतं ते सांगतो.

चपला ठेवायला दाराला टांगतात ना ते कापडी कप्पे, तसले वर्गागणिक दोन आणून प्रत्येक कप्प्यावर हजेरी नंबर चिकटवलेत. प्रार्थनेच्या आधी मुलं फोन बंद करून आपापल्या कप्प्यात टाकतात, कप्पे कपाटात, कपाटाला कुलूप. ऐकायला सोपं. आता गंमत बघा. पहिल्याच आठवड्यात मराठीचा तास चालू असताना कपाटातून अलार्म वाजला, बंद फोन म्हणे, आणि किल्ली जिच्याकडे ती मॅडम केंद्रावर मिटिंगला. पूर्ण तास ते कपाट गात होतं. दुसरं म्हणजे सव्वादोनशे फोन सुटीच्या वेळी परत द्यायचे म्हणजे वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात एसटी निघून जाते. मग आम्ही शेवटचा तास संपायच्या आधी वर्गावर कप्पे पाठवायला लागलो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका पालकाने येऊन सांगितलं की पोराच्या फोनची काच तुमच्या कपाटात फुटली, भरून द्या. पोरगा सांगतो आधीच फुटली होती. नोंद कुठेच नाही. शेवटी आम्ही स्टाफने वर्गणी काढून विषय मिटवला.

म्हणून धागाकर्तीला सांगणं, मीटिंगमध्ये बंदी की जमा यावर तास घालवाल, पण फोन जमा झाल्यावर त्याची जबाबदारी कोणाची हे लेखी घ्या. पस्तीस हजाराचा फोन आणि चार हजाराचा फोन एकाच कप्प्यात बसतो.

विट्याचा
खडूफळा सर, कपाट गात होतं 😂😂

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, बातम्यांत वाचलं असेल. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने सुरू झालं. लोकांना वाटलं दोन दिवसाचं नाटक, पण ग्रामसभेत ठरवून केलं आणि सुरुवातीला दारोदार फिरून बघायचे कोण बंद करतंय कोण नाही. मला त्यातलं आवडलेलं हे की आईबापांनी पण बंद करायचा. नाहीतर पोराला म्हणायचं अभ्यास कर आणि आपण शेजारी बसून रील बघत हसायचं.

भर दुपारी
दीड तास टीव्ही बंद म्हणजे मालिका बुडणार. सरपंचांना पुढच्या वेळी बायकांची मतं मिळाली का?

विट्याचा
ते तुम्हीच जाऊन विचारा, मी नाही जाणार.

यारा काठ
मेलबर्नहून. इथे व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांमध्ये २०२० च्या सुरुवातीपासून नियम आहे की पहिली घंटा ते शेवटची घंटा फोन बंद आणि कुलपात, मधल्या सुट्टीतही नाही. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी हायस्कूलमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता, पहिला महिनाभर घरी नुसती चिडचिड. मग सवय झाली. तो स्वतः सांगायचा की जेवणाच्या सुट्टीत आता हँडबॉलच्या कोर्टासाठी रांग लागते, आधी सगळे भिंतीला टेकून बसलेले असायचे.

पण एक फरक लक्षात घ्या. इथे प्रत्येक मुलाला स्वतःचा लॉकर आहे. आणि मुलाला निरोप द्यायचा असेल तर ऑफिसला फोन केला की पाच मिनिटांत निरोप वर्गात पोचतो, ऑफिसात खरंच कोणीतरी फोन उचलतं. तुमच्या शाळेत हे दोन्ही आहे का ते बघा, नाहीतर नियम कागदावर आमच्यासारखा दिसेल आणि त्रास सगळा पालकांना.

पाचव्या मजल्यावरून
ऑफिस फोन उचलतं? आमच्या शाळेचा लँडलाइन फक्त फी भरायची तारीख उलटली की चालू होतो.

आकडेमोड
थोडं थंड पाणी ओततो, माफ करा. फोन काढला की मार्क वाढतात असं जे सगळीकडे फिरतं त्याचं मूळ २०१५ च्या एका अभ्यासात आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आला होता, इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांवर. त्यात फायदा दिसला, पण तो मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांना, हुशार मुलांच्या मार्कांत काही फरक नाही. नंतर स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला तर तिथे परिणामच दिसला नाही. आणि २०२५ मध्ये बर्मिंगहम विद्यापीठाच्या लोकांनी ३० शाळांतली बाराशेच्या वर मुलं तपासली, कडक नियमांच्या शाळा आणि सैल शाळा, तर मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक नाही. दिवसभरातला फोनचा एकूण वापरही दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. दिवसभराचा एकूण स्क्रीन टाइम जास्त असेल तर मात्र झोप, वागणूक सगळंच बिघडलेलं दिसलं.

म्हणजे बंदी वाईट असं म्हणत नाहीये. पण शाळेने सहा तास काढून घेतले की आपलं काम झालं असं समजून पालक सुटले, तर काही होणार नाही.

काटकोन
आकडेमोड, तुमचे अभ्यास तुमच्याजवळ. इथे एका मुलाचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ फिरलाय. त्याला मार्कांशी काय घेणं? फोन आत नसता तर व्हिडिओ निघाला नसता, संपला विषय.

आकडेमोड
हे मान्य. व्हिडिओच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, तिथे अभ्यासाची गरज नाही.

हातमोजे
नुकताच बारावी झालोय, लपून वाचत होतो पण राहवलं नाही. काका लोकहो, जमा पद्धत म्हणजे काय असते सांगतो. घरात जुना बंद पडलेला फोन असतोच. तो कप्प्यात टाकायचा, खरा फोन सॉक्समध्ये. आमच्या वर्गात निम्मे कप्पे असल्या मढ्यांनी भरलेले होते. सरांना कळलं कधी, तर एकाने टाकलेल्या फोनला मागचं झाकणच नव्हतं आणि बॅटरी पण नव्हती. सर म्हणाले वा, याची तर अंत्ययात्रा पण झालेली दिसते.

खडूफळा
@हातमोजे, धन्यवाद. सोमवारी सगळे कप्पे तपासतो.

हातमोजे
सर मी काही बोललोच नाही

वकीलबाई
धागाकर्ती, 'वार्षिक परीक्षा संपेपर्यंत परत मिळणार नाही' या वाक्यावर मीटिंगमध्ये जरूर बोट ठेवा. दिल्ली हायकोर्टाने २०२५ च्या फेब्रुवारीत एका केंद्रीय विद्यालयाच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात यावर बरंच लिहिलंय. सरसकट बंदी इष्टही नाही आणि अमलात आणण्यासारखीही नाही असं म्हटलंय. शक्य असेल तिथे शाळेत शिरताना फोन जमा करून घ्यावा आणि घरी जाताना द्यावा, वर्गात वापर नको, शाळेत आणि शाळेच्या गाडीत फोटो व्हिडिओ नको, सुरक्षिततेसाठी आणि संपर्कासाठी फोन चालेल पण करमणुकीसाठी नाही. शिक्षा फार कडक नको. जप्तीला मात्र कोर्टाने हरकत घेतलेली नाही, आणि धोरण पालक, शिक्षक यांना विचारून ठरवा असंही आहे. निकाल दिल्लीचा, आपल्याकडे बंधनकारक नाही, पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला बरा आहे.

आणि ज्या मुलाचा व्हिडिओ निघाला त्याचं प्रकरण शाळेच्या शिस्तीत गुंडाळू नका. अल्पवयीन मुलाचा तसला व्हिडिओ काढणं आणि पुढे पाठवणं हा पोक्सो आणि आयटी कायद्याचा विषय होऊ शकतो, ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांना हे कोणी सांगितलंय का? फोन घरी राहिला तरी तो ग्रुप संध्याकाळी चालूच असणार.

पाचव्या मजल्यावरून
वकीलबाई, नाही सांगितलेलं. एक ताई येऊन 'सायबर जागरूकता' म्हणून पासवर्ड कसा ठेवायचा ते सांगून गेल्या. हा मुद्दा घेते.

डॅलसची सून
टेक्सासमध्ये २०२५ च्या जूनमध्ये कायदा झाला, एचबी १४८१, पूर्ण शाळेच्या दिवसात विद्यार्थ्यांनी फोन, स्मार्टवॉच काहीच वापरायचं नाही. आमच्या इथल्या पालकांचे दोन तट पडले आणि कारण तुमच्या पीएमटीपेक्षा फार वेगळं आहे. २०२२ मध्ये युवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा वर्गात अडकलेल्या मुलीने फोन करून पोलिसांची मदत मागितली होती आणि पोलीस तासाहून जास्त वेळ बाहेर थांबले होते. हे ज्याने ऐकलंय तो आई किंवा बाप मुलाचा फोन काढून घ्या म्हटलं की शहारतो. पोलीस आणि शाळा सांगतात की अशा वेळी मुलांनी फोनवर बोलू नये, आवाजाने जागा कळते, लाइन जाम होते. डोक्याला पटतं. तरी मी मुलीच्या बॅगेत फोन ठेवते, बंद करून, कायद्याने तेवढं चालतं.

भर दुपारी
डॅलसची सून, यावर विनोद सुचत नाहीये. काळजी घ्या.

घाटमाथा
मुलींच्या बाजूने कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. मी भोर भागातली. आमच्याकडे मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना, पास आहे पण गाडी वेळेवर असेलच असं नाही. संध्याकाळची गाडी रद्द झाली तर मुलगी स्टँडवर उभी. पोरांचं काय, पोरं कोणाच्याही गाडीवर मागे बसून येतात. मुलीने बसायचं नसतं. तिच्याकडे फोन असेल तर भावाला बोलावते. आणि गंमत अशी की आधीच घरात फोन पोराच्या हातात असतो. २०२४ च्या 'असर' (ग्रामीण शिक्षणाची पाहणी) अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांमध्ये ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे आणि मुलींमध्ये २७ टक्क्यांच्या आसपास. मिनतवारी करून मुलीला साधा फोन मिळतो आणि शाळा म्हणते घरी ठेव. घरी ठेवला की तो भावाचा होतो. परत मिळत नाही.

काटकोन
घाटमाथा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग बटणांचा फोन चालेल का? कॅमेरा नसलेला. शाळेने तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

पाचव्या मजल्यावरून
बटणांच्या फोनबद्दल मुलीला विचारलं. ती म्हणाली त्यापेक्षा मी हरवेन.

मीनल ठाणे
माझा मुलगा टाइप वन डायबेटिक आहे, दंडाला सेन्सर आहे, साखरेचा आकडा फोनवर येतो. साखर खाली गेली की फोन वाजतो आणि माझ्याही फोनवर येतं. शाळेने बंदी आणली तेव्हा 'अपवाद नाही' असं उत्तर मिळालं, डॉक्टरांचं पत्र, अर्ज, परत अर्ज, मुख्याध्यापक बदलले, परत पत्र. शेवटी परवानगी मिळाली पण वर्गात फोन टेबलावर ठेवला की बाकीची मुलं म्हणतात याला कसा चालतो. त्याने दोनदा अलार्म बंद करून टाकला, फक्त कोणी बघू नये म्हणून. तेव्हा नियम करताना अपवाद पहिल्या दिवसापासून लिहा, आणि वर्गात सगळ्यांना कारण सांगा. त्याला विचारून.

आकडेमोड
मीनल, हे वाचून वाटलं की धाग्याचा अर्धा वेळ आपण सगळे रीलबद्दल बोलतोय.

जुनी वही
विषयांतर होईल पण विचारतेच. गृहपाठ रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर येतो, प्रोजेक्टसाठी यूट्यूबची लिंक, सहलीची फी शाळेच्या ॲपवर, आणि मुलगा रात्री फोन मागतो तेव्हा मी काय सांगू, नाही? लॉकडाऊनमध्ये आपणच कर्ज काढून हातात फोन दिले. मग शाळा उघडल्या आणि डायरी परत आलीच नाही. शाळेला फोन नको असेल तर गृहपाठ फळ्यावर लिहा, मुलं उतरवून आणतील, आम्ही बघू. शाळा म्हणते मुलांनो फोन सोडा आणि शाळाच सोडत नाही.

खडूफळा
जुनी वही, खरंय, पण अर्धं. फळ्यावर लिहून दिलं तर दुसऱ्या दिवशी पाच पालकांचे फोन येतात की ग्रुपवर का नाही टाकलं, मुलाने उतरवून आणलं नाही. आणि शिक्षकाच्या हातातला फोन पण बघा ना. पोषण आहाराची नोंद ॲपवर, यूडायसची (शाळांची सरकारी आकडेवारी) माहिती ऑनलाइन, कुठला उपक्रम झाला की फोटो अपलोड करा, लिंक भरा, आजच भरा. तास चालू असताना वरून मेसेज येतो 'माहिती तात्काळ'. मुलं समोर बसून बघत असतात की सर फोनमध्ये आहेत. मी म्हणतो अरे, हे सरकारी काम आहे. एक जण म्हणाला, सर माझं पण अर्जंट आहे.

जुनी वही
त्या मुलाला वकीलबाईंकडे पाठवा, पुढे नाव काढेल.

वकीलबाई
पाठवा. फोन जमा करून.

भर दुपारी
मूळ प्रश्नावर येतो, कारण धागाकर्ती शनिवारच्या आधी वेडी होईल. माझ्या लहानपणी (बघा, आलंच) शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानात रुपयाचा कॉइन बॉक्स होता, पिवळा. उशीर झाला की तिथून घरी फोन. तुमच्या मुलीला दिवसभर स्मार्टफोन लागतो असं नाहीये, तिला दोन वेळा फोन करायला जागा लागते, एकदा शाळा सुटल्यावर आणि एकदा क्लास सुटल्यावर. शाळेने गेटपाशी एक फोन ठेवला, सुटीच्या वेळी शिपायांच्या देखरेखीत, तर तिची निम्मी अडचण सुटते. क्लासवाल्यांना पण तेच सांगा.

घाटमाथा
हे शहरात ठीक. स्टँडवर कोण ठेवणार फोन?

यारा काठ
भर दुपारी पहिल्यांदा कामाचं बोलले, धागा जतन करून ठेवते.

पाचव्या मजल्यावरून
सगळ्यांचे आभार, खरंच. काल वर्गातल्या पालकांशी बोलले. गेटच्या आत आणायचाच नाही असं म्हणणारे थोडेच निघाले, ते बहुतेक शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारे. बसने जाणाऱ्या मुलांचे पालक जमा म्हणतायत. तर मी असं मांडणार आहे: फोन आणता येईल पण पहिल्या तासाआधी जमा, शेवटच्या तासाच्या आधी वर्गातच परत, जमा करताना पालकांनी फोनचं मॉडेल आणि अवस्था एकदा लिहून द्यायची (खडूफळा सरांची काच), आजारपणाचे अपवाद पहिल्याच पानावर, जप्ती झाली तर त्याच आठवड्यात पालकांच्या हातात परत. व्हिडिओच्या प्रकरणात मुलांना कायदा काय आहे ते नीट सांगायला माणूस बोलवायचा, पासवर्डवाल्या ताई नकोत. आणि गृहपाठ डायरीत. शेवटचं मान्य होईल असं वाटत नाही कारण पालकच उठतील, पण बोलून बघते.

मढी फोनचं काय करायचं ते मात्र सुचलेलं नाही.

खडूफळा
जमा करताना चालू करून दाखवायचा, मग बंद करून कप्प्यात. आम्ही सोमवारपासून तेच करणार. वेळ जास्त जातो पण दुसरा उपाय नाही. आणि किल्ली दोन जणांकडे ठेवा, एक मिटिंगला गेला तर.

हातमोजे
दोन जणांत एक वर्गाचा मॉनिटर नको फक्त. आमच्याकडे होता. मधल्या सुट्टीत दहा रुपयात पाच मिनिटं फोन काढून द्यायचा, आणि उधारी नाही.